नेसायची का द्यायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर तुम्ही विचारलं नाही असं एकही लग्न गेलं नाही. "मॅडम, आज पण सुतीच?" "अहो दोघं कमावता, एवढं काय साधं राहायचं?" अमळनेरची सून म्हटल्यावर एकजण तर म्हणाले, साने गुरुजींच्या गावचं पाणी लागलं वाटतं. मी हसते आणि उन्हाचं नाव सांगते, की मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, त्यात त्या जरीच्या साड्या नेसून मांडवात बसायचं म्हणजे आपणच शिजतो. हे सगळं खरंच आहे. पण डिसेंबरमधल्या लग्नालाही मी सुतीच नेसून जाते हे तुमच्या लक्षात आलंय, मलाही माहितीय की आलंय.

आता पुढच्या महिन्यात भाऊकीतलं लग्न आहे, जळगावला लॉनवर. त्याचा ग्रुप झाला, ग्रुपवर यादी आली, हळदीला पिवळा, मेंदीला हिरवा आणि लग्नाला पेस्टल. एका जाऊबाईंनी विचारलं पेस्टल म्हणजे काय, तर मुलांनी सांगितलं फिके रंग. त्यावर त्याच जाऊबाईंनी अहिराणीत लिहिलं, "फिक्कं जोयजे तं मास्तरीनबाईले इचारा, तिनं कपाट भरेल शे." मास्तरीनबाई म्हणजे मी. खाली पंचवीस-तीस हसणारी तोंडं. मी पण एक हसणारं तोंड टाकलं, न टाकून सांगते कोणाला. मग रात्री बसले लिहायला.

सुरुवात उलटी आहे. मला नटायला आवडायचं. मी भुसावळची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, आमच्याकडे लग्नाला जायचं म्हणजे आठवडाभर आधीपासून ब्लाउजची शोधाशोध. लग्न होऊन अमळनेरला आले तेव्हा माझ्याकडे नेसून मिरवण्यासारखी एकच साडी होती, शालू, तो किती वेळा नेसणार. मग मोठ्या जाऊबाईंची मागून नेसायची. त्या द्यायच्या, नाही म्हणत नसत, पण मांडवात चारचौघींत सांगायच्या, "माझीच आहे ती, जरा मोठी होते तिला." लग्नानंतर डीएड केलं, मग जिल्हा परिषदेत शिक्षणसेवक, तीन वर्षं महिना ३,००० रुपये, त्यातले निम्मे जाण्यायेण्यात. २००७ ला कायम झाले, २००९ ला सहावा वेतन आयोग आला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये मी येवल्याला जाऊन स्वतःच्या पैशांनी पैठणी घेतली. डाळिंबी रंग, नारळी काठ, पदरावर मोर. ११,५०० रुपये. विणकराने पदर उलटा करून दाखवला, म्हणाला बघा ताई, मागूनही तसाच दिसतो, धागे लोंबत नाहीत, ही हातमागाची खूण. घरी येऊन मी तो पदर किती वेळा उलटा करून बघितला असेल.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. म्हणते, काय चुकलं गं? तुझा पगार, तुझी साडी, बारा वर्षं मागून नेसलीस, एकदा मिरवलीस तर काय आभाळ कोसळलं? माझ्याकडे तिला उत्तर नसतं. आजही तिची बाजू मला चुकीची वाटत नाही. अडचण दुसऱ्या साडीची आहे.

त्याच मे महिन्यात माझ्या मोठ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. पारोळ्याजवळच्या खेड्यात दिलेल्या, सात-आठ एकर शेती, सगळा कापूस. त्या वर्षीची गोष्ट आपल्याकडे कोणाला सांगायला नको. कापसाचा भाव क्विंटलला सात हजारांच्या आसपास गेला, आणि ज्यांनी अजून चढेल म्हणून घरात भरून ठेवला त्यांच्या डोळ्यांदेखत उतरत गेला. आक्कांच्या घरी पुढच्या खोलीत खिडकीच्या गजांपर्यंत कापूस होता. लग्न ठरलेलं, तारीख धरलेली, कापूस पडून.

आम्ही मामाकडचे, त्यामुळे माहेरचा आहेर आमच्याकडे. आहेराचं सगळं पाच हजारांत बसवायचं असं ठरलं. आक्कांना साडी, दाजींना कपडे आणि टॉवेल-टोपी, भाचीला भांडी, सासूबाईंना लुगडं. "ठरलं" म्हणते मी, पण हिशोब माझ्या हातात होता, यांनी फक्त मान हलवली. अमळनेरला दुकानात गेलो. गादीवर बसल्या बसल्या दुकानदाराने विचारलं, "ताई, नेसायची दाखवू का द्यायची?"

तुम्ही सगळ्यांनी हा प्रश्न ऐकलाय. तो इतक्या सहज विचारतात की त्यात काही आहे असं वाटतच नाही. द्यायच्या साड्यांची थप्पी वेगळी असते, सुरतेहून गठ्ठ्याने येणारी, हात लावला की सरसरणारी. मी म्हटलं, द्यायची. रामा कलरची काढली त्याने, वर स्टोन चिकटवलेले, नुसते गोंदाने. ८५०. मी घासाघीस करून ८०० ला मागत होते, त्याने नाही दिली.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की आहेराची साडी कोणी नेसत नाही, ती फिरते, या लग्नातून त्या लग्नात जाते, मग भारी घेऊन करायचं काय. हे खरं आहे, तुमच्या कपाटात बघा, माझ्याही आहेत. आणि असंही सांगत आले की नवरीची आई माहेरची साडी मांडवातच, लगेच, त्याच दिवशी नेसते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हे मात्र खोटं आहे. मला माहीत होतं. माझ्या बहिणीच्या लग्नात माझी आई मामाने आणलेली साडी नेसून उभी होती, मी तिच्या निऱ्या धरल्या होत्या.

लग्नाच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा बाहेर डीजे लागलेला, आणि बाया सगळ्या आत, त्या कापसाच्या खोलीत, कारण तेवढीच काय ती सावली. साठवलेल्या कापसाशेजारी बसलं की अंगाला खाज सुटते, पोरं रडत होती, कोणी टॉवेल हलवतंय, एका कोपऱ्यात नवरीचे केस चाललेत. मी पैठणी नेसूनच गेले होते. जीपमध्ये मांडीवर पदर गोळा करून बसले होते, घामाचा डाग पडू नये म्हणून. बसले त्या खोलीत आणि उठले तर रेशमावर सगळीकडे कापसाचे तंतू. आक्का आल्या, त्यांच्या हाताला पिठाचं होतं, ते आधी लुगड्याला पुसलं आणि माझ्या पदरावरचा कापूस एकेक करून काढायला लागल्या. आमचे सासरे प्रताप मिलमध्ये मागावर होते, आक्का त्यांच्या लाडक्या, लहानपणापासून कापडाचा पोत हाताने ओळखतात, बाजारात दुकानदार त्यांना टरकून असतात. त्यांनी काढता काढता पदर धरला, अंगठ्याने चोळला, आणि उलटा केला. मागून मोर बघितला.

"खरी शे," म्हणाल्या. मग, "कितलाले लिधी?"

मी पाच हजार सांगितलं. का सांगितलं? कमी सांगितलं की बरं वाटेल त्यांना, असं वाटलं असेल. त्यांनी "हं" केलं आणि कापूस काढत राहिल्या. त्यांना खरा आकडा कळला होता याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

दहा वाजता आहेर झाला. हळदी-कुंकू लावून मी साडी ओटीत घातली, त्या आत जाऊन नेसून आल्या. रामा कलर. ब्लाउज त्यांचा जुनाच, लाल, कारण ब्लाउजपीस शिवायला वेळ कुठे होता, आम्ही साडी आधी पाठवली नव्हती. आधी पाठवायची असते. तेही माहीत होतं.

मुहूर्त १२:३५ चा होता. आपल्याकडे तो पत्रिकेत असतो. नवरदेव पारावर, पोरं डीजेपुढे, अडीच वाजले तरी वरात मांडवात येईना. उन्हाने आक्कांच्या साडीचा गोंद सुटला. खांद्यावरचे, पदरावरचे स्टोन गळायला लागले, जिथून गळले तिथे पिवळट ठिपके. त्या पाण्याचे जग भरून पाहुण्यांना देत फिरत होत्या, नवरीची आई असून, कारण वाढायला माणसं कमी पडली होती. आणि मी? मी पुढच्या खुर्चीवर बसले होते. पैठणी नेसून जग कोण उचलणार.

मग धुळ्याकडच्या बाया आल्या, नवरदेवाची आई आणि तीन-चारजणी, विहीणभेटीला. ताट घेऊन सरळ माझ्याकडे आल्या. "या विहीणबाई," म्हणाली ती, आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी म्हणायला हवं होतं की मी मामी, आई तिकडे आहेत. म्हटलं नाही मी. लगेच तर नाहीच म्हटलं. तिने हळद लावली, कुंकू लावलं, ओटीचा नारळ उचलला, एवढा वेळ मी गप्प होते. आणि घाबरून गप्प होते असं नाही. मला आवडलं. बारा वर्षं दुसऱ्याच्या साडीत दुसऱ्या रांगेत बसलेल्या बाईला कोणीतरी मांडवातून शोधत येऊन पहिला मान देतंय, ते मला आवडलं, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

मागून कोणीतरी ओरडलं, "अवं ती मामी शे! माय तं हाई शे!" आणि आक्कांना हाताला धरून पुढे आणलं. हातात जग तसाच. विहिणीने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, नारळ हातात तसाच. बाया हसायला लागल्या. सगळ्यात मोठ्याने आक्का हसल्या. "मामीबी मायच शे ना," म्हणाल्या, जग माझ्या हातात दिला आणि पदराने कपाळ पुसून कुंकवाला पुढे झाल्या.

झालं एवढंच. कोणी भांडलं नाही. पंगतीला वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी, आक्कांनी मला आग्रह करून दोनदा तूप वाढवलं. अल्बममध्ये एक फोटो आहे, मंगलाष्टकांच्या वेळचा, मी आणि त्या शेजारी शेजारी. तो फोटो बघून माझी मुलगी लहान असताना विचारायची, लग्न आपल्या घरचं होतं का?

तेव्हापासून सुती. लगेच काही शपथ वगैरे घेतली नाही, पुढच्या लग्नाला पैठणी काढली, नेसवेना, ठेवून दिली. मग तीच सवय झाली. मांडवात जाते, जग उचलते, पोळ्या वाढते, हळदीचा डाग पडला तर साबण लावून घासते. यात बरंही वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू, थोडं शहाणपण मिरवल्यासारखंही वाटायला लागलं. दागिन्याने मढलेल्या बाया बघून मी मनात जे काही म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. साधेपणाचाही तोरा असतो आणि तो धुऊन निघत नाही.

पण ज्यांच्यासाठी म्हणून केलं त्यांनाच ते कसं दिसलं ते ऐका. २०१७ ला आक्कांच्या मुलाचं लग्न. या वेळी मी दुकानात ठासून सांगितलं, नेसायची दाखवा. सिल्कची घेतली, ६,२०० ची, ब्लाउज शिवून पंधरा दिवस आधी पाठवली. आणि स्वतः मोतिया रंगाची सुती नेसून गेले, बारीक काठ, गळ्यात मंगळसूत्र आणि बस. मांडवात बघते तर आक्का लेकीने दिलेली दुसरीच साडी नेसलेल्या. मी काही विचारलं नाही. नंतर कानावर आलं, जसं आपल्याकडे येतं, तीन घरं फिरून. "भाऊनी बायको मुद्दाम तशी उनी, आमनं लगीन तिले लगीन वाटनं नही." म्हणजे पहिल्या वेळी नटून गेले तो अपमान, दुसऱ्या वेळी न नटता गेले तोही अपमान, आणि हे आक्का स्वतः बोलल्या की कोणी त्यांच्या तोंडी घातलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझी अहिराणी लग्नानंतर शिकलेली. शब्द कळतात, पण त्यातला टोमणा कुठला आणि माया कुठली ते अजून पक्कं ओळखता येत नाही.

धुळ्यालाच एकदा वेगळंच झालं. पाहुण्यांपैकी कोणी ओळखीचं नव्हतं, मी पांढरट सुती नेसलेले, मंगळसूत्र पदराखाली गेलेलं, टिकली बारीक. हळदी-कुंकवाचं ताट आलं, माझ्या डाव्या हाताच्या बाईला लावलं आणि मला सोडून उजव्या हाताच्या बाईकडे गेलं. ती पोरगी वाईट नव्हती, तिने अंदाज केला. मी मंगळसूत्र बाहेर काढलं. ते काढताना माझा हात किती घाईने गेला ते आठवून मला अजून कसंतरी होतं, कारण पलीकडच्या खुर्चीवर एक बाई होती, जिला ताट खरोखरच सोडून गेलं होतं आणि जिच्याकडे बाहेर काढायला काही नव्हतं. शाळेत आम्ही मुलांना सांगतो, कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवांच्या या प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारनेही तेच करा म्हणून परिपत्रक काढलं. मी स्वतः सांगितलंय फळ्यापुढे उभं राहून. मांडवात मी फक्त मंगळसूत्र बाहेर काढलं. तर साधे कपडे म्हणजे सगळ्यांना सोयीचे, असं जे तुम्हाला माझ्याकडून ऐकायचंय ना, ते मी म्हणणार नाही. साधं राहणं मला परवडतं, कारण घरी जाऊन बदलायला आहे. आक्कांना त्या दिवशी बदलायला नव्हतं.

आणि पुरुषांचं मी लिहीतच नाही. यांचा एक पांढरा शर्ट गेली सहा वर्षं सगळ्या लग्नांत आहे, वर टॉवेल-टोपी मिळते, आता दारातच फेटा बांधतात, फोटोत सगळे सरदार. त्यांना कोणी विचारत नाही आज पण पांढराच का.

पैठणी पेटीतच होती. मागच्या दिवाळीत मुलीला मैत्रिणीच्या लग्नासाठी पाहिजे होती म्हणून काढली. विणकराने बजावलं होतं, वर्षातून दोनदा घडी मोडत जा ताई, रेशीम एकाच घडीवर राहिलं की चिरतं. मी एकदाही मोडली नव्हती. मधल्या घडीवर बोटभर चीर पडलीय, मोराच्या जरा खाली. मुलगी म्हणाली रफू होईल. तिला मी अर्धीच गोष्ट सांगितली आहे, कुंकवापर्यंतची, ८५० ची नाही. ती म्हणते आक्कांशी एकदा बोलून टाक ना. काय बोलू? आक्का, त्या दिवशी मला आवडलं होतं, हे?

गेल्या महिन्यात आक्कांच्या नातवाचं जावळ होतं, तिकडे गेले होते. अर्थातच सुती. दारातच म्हणाल्या, "तू अशी काब्रं उनी वं? ती पैठणी कोठे गई?" चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव काढलं. मी म्हटलं ऊन फार आहे. फाल्गुन होता, पण आपल्याकडे खपतं. त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या, मी मागे गेले. तीच पुढची खोली, आता फरशी बसवलेली, कापूस नाही. आढ्याच्या कडीला झोळी बांधलेली आणि त्यात ज्याचं जावळ काढलं ते पोर झोपलेलं. झोळी रामा कलरची. स्टोन एकही नाही, पिवळे ठिपके पण गेलेले, रंग मात्र काल घेतल्यासारखा. आक्कांनी मला बघताना बघितलं. झोळीला एक झोका दिला.

"तीन पोऱ्या झुलनात तिन्हामा," म्हणाल्या, "काही नही झायं तिले. तुनी साडी भलती टिकनी वं."

मी म्हटलं, हो आक्का, सुरतची होती.